पन्हळी नळीचे निर्माते सॅमसन फॉक्स

लोखंडाचा पातळ पत्रा दोन टोकांस आधार देऊन आडवा धरला, तर तो आपल्याच भाराने मध्यभागी लवतो. त्याच पत्र्यास पन्हळी पाडल्या म्हणजे तो गोठ्यावर, शाळेवर, देवळाच्या सभामंडपावर वर्षानुवर्षे ऊनपाऊस सोशीत उभा राहतो. धातू तोच, जाडीही तीच. फरक काय तो घडीचा. याची प्रचीती घरातील कोणत्याही मुलास घेता येईल. एक कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा आडवा ठेवावा व त्यावर एखादे नाणे ठेवून पाहावे. कागद तत्काळ खाली बसेल. नंतर त्याच कागदास पंख्याप्रमाणे बारीक घड्या घालाव्यात आणि पुन्हा नाणे ठेवावे. आता एकच काय, चारपाच नाणीही तो सहज तोलून धरील. शाळेत मी हा प्रयोग अनेक वर्षे करून दाखविला आणि दर वर्षी मुलांच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य पाहिले.

पत्र्यास पन्हळी पाडण्याचे एकस्व १८२९ साली लंडनच्या गोदीतील अभियंते हेन्री पामर यांनी घेतले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने हीच युक्ती एका गृहस्थांनी सपाट पत्र्यावरून उचलून नळीवर, आणि तीही धगधगत्या भट्टीच्या नळीवर, वापरली. त्यामुळे जगातील आगबोटींच्या एंजिनांचे बळ वाढले. हे गृहस्थ म्हणजे इंग्लंडमधील लीड्स शहरचे सॅमसन फॉक्स. त्यांचे चरित्र आपल्या समाजातील कुटुंबांसमोर ठेवण्याचे कारण एवढेच की, हातात हातोडा धरणारा मनुष्य किती उंच जाऊ शकतो हे त्यावरून कळते. त्या उंचीवर गेल्यावर कोणत्या वाऱ्यास तोंड द्यावे लागते, हेही त्यावरूनच कळते.

बालपण व उमेदवारी

सॅमसन फॉक्स यांचा जन्म ११ जुलै १८३८ रोजी यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड शहरालगत बोलिंग येथे झाला. वडील विणकर होते. त्या काळी यंत्रमागांनी यॉर्कशायरचा लोकरीचा धंदा व्यापून टाकला होता आणि विणकरांची मुले शाळेपेक्षा गिरणीतच अधिक दिसत. बाळ सॅमसनही लहानपणीच वडिलांच्या हाताखाली लीड्सच्या कापड गिरणीत कामास लागला. मागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या या मुलाचे लक्ष मात्र कापडापेक्षा माग कसा चालतो याकडे अधिक असे. यंत्राची ही ओढ पाहून त्यास लीड्सनजीकच्या होल्बेक येथील स्मिथ, बीकॉक अँड टॅनेट या यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारीस ठेवण्यात आले.

उमेदवारी म्हणजे काय, हे आजच्या पिढीस थोडे समजावून सांगावयास हवे. प्रथम झाडलोट करावयाची, मग हत्यारे पुसावयाची. मग कानस चालवावयास मिळे, आणि कित्येक महिन्यांनंतर कातयंत्रास हात लागे. फॉक्स या पायऱ्या चढत मुकादम झाले आणि पुढे कारखान्याचा माल गावोगावी फिरून विकणारे प्रतिनिधी झाले. माल घडविणारा आणि माल विकणारा हे दोन्ही गुण एका मनुष्यात क्वचितच एकत्र येतात. फॉक्स यांच्या ठायी ते आले, हेच त्यांच्या पुढील उत्कर्षाचे एक रहस्य होय. याच काळात त्यांनी तिरप्या दात्यांची चक्रे यंत्रावर कापण्याची काही साधने शोधून काढून त्यांची एकस्वे मिळविली. पुढे भाऊ व आणखी एक भागीदार यांच्या साहाय्याने त्यांनी सिल्व्हर क्रॉस नावाचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला आणि १८७४ साली लीड्स फोर्ज कंपनीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते.

भट्टीच्या नळीचे संकट

फॉक्स यांच्या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या बोटीवरील बॉयलर कसा असे ते पाहिले पाहिजे. लोखंडाचे एक प्रचंड पिंप आडवे ठेवलेले आहे, अशी कल्पना करावी. त्या पिंपाच्या आत, खालच्या अंगास, सुमारे तीन ते चार फूट व्यासाच्या दोन-तीन नळ्या बसविलेल्या असत. या नळ्यांतच कोळशाची भट्टी पेटे. नळीच्या आत अग्नी, बाहेर सभोवती पाणी, आणि पाण्याच्या वर कोंडलेली वाफ, अशी ती रचना.

आता वाफेचा दाब पिंपाच्या बाहेरील कवचास आतून बाहेर ढकलतो. त्यामुळे कवच फुगू पाहते, आणि फुगताना त्याचा गोलपणा उलट कायम राहतो. परंतु भट्टीच्या नळीवर तोच दाब बाहेरून आत पडतो. नळी पूर्ण वर्तुळाकार असेल तोवर ती टिकते. पण ती कोठे किंचितही चपटी असली, तर दाब नेमका तेथेच जोर करतो. चपटेपणा वाढतो, चपटेपणा वाढला की जोरही वाढतो, आणि बघता बघता नळी आत दबून बसते. अशा वेळी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कोळसेवाल्यांचे काय होत असेल, याचे वर्णन न केलेलेच बरे. विल्यम फेअरबेर्न या थोर अभियंत्याने १८५८ च्या सुमारास प्रयोग करून असे दाखविले होते की, नळी जितकी लांब व जितकी रुंद, तितकी ती बाहेरच्या दाबास अधिक लवकर वश होते.

यावर सरळ उपाय म्हणजे पत्रा जाड घ्यावा. पण जाड पत्र्यातून उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोहोचत नाही. मग अग्नीकडील बाजू अतिशय तापते आणि तापलेले लोखंड नरम पडते. शिवाय तापलेली नळी लांबीने वाढते. दोन्ही टोके बॉयलरच्या भिंतींत पक्की जखडलेली असल्यामुळे तिला वाढावयास जागा नसते आणि सांधे ताणले जाऊन गळू लागतात. अशा रीतीने अभियंते दोन्हीकडून अडले होते. पातळ पत्रा घ्यावा तर नळी दबते, जाड घ्यावा तर जळते. म्हणूनच १८७० च्या सुमारास बोटींच्या बॉयलरमधील दाब दर चौरस इंचास साठ-सत्तर पौंडांच्या फार पुढे जात नसे. वाफेचा दाब अडला म्हणजे एंजिनाची काटकसर अडली. मग कोळसा अधिक, मालास जागा कमी, आणि लांबचा प्रवास महाग, असे सारे गाडे अडून बसले होते.

घडीतील बळ

लीड्स फोर्जमध्ये बॉयलरचे उत्तम यॉर्कशायर लोखंडाचे पत्रे तयार होत. या पत्र्यांचे गुणदोष फॉक्स यांस नित्याच्या हाताळणीने ठाऊक झाले होते. नळीच्या अंगावर एकामागून एक वळ्या पाडल्या, तर प्रत्येक वळी एखाद्या कड्याप्रमाणे नळीचा गोलपणा सांभाळील, असे त्यांच्या ध्यानात आले. पत्रा पातळ ठेवूनही नळी दबणार नाही. तापल्यावर ती वाढू लागली, तर हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे घड्यांतच वाढ सामावून जाईल आणि सांध्यांस ताण बसणार नाही. त्यातच वळ्यांमुळे अग्नीस भिडणारा पृष्ठभागही अधिक मिळतो. एका घडीने तीन कार्ये साधली. १८७७ साली त्यांनी या पन्हळी नळीचे एकस्व घेतले आणि १८७८ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्गावरील प्रिटोरिया या आगबोटीच्या बॉयलरमध्ये अशा नळ्या प्रथम बसविण्यात आल्या. प्रयोग यशस्वी झाला.

आता ही नळी घडविण्याची रीत पाहू. प्रथम पत्रा वाकवून त्याचा गोल करीत व दोन्ही कडा तापवून एकजीव जोडीत. आरंभी वळ्या घणाने पाडल्या जात. नळी लाल तापवावयाची, इच्छित आकाराचा ठसा तिच्या खाली व वर ठेवावयाचा आणि वाफेच्या घणाचा ठोका द्यावयाचा. मग नळी थोडी फिरवून पुन्हा ठोका, असे करीत एकेक वळी पुरी करावी लागे. काम संथ, कष्टाचे, आणि कारागिराच्या नजरेवर अवलंबून. एक वळी खोल आणि दुसरी उथळ झाली, तर सारे गणित बिघडावयाचे. म्हणून १८८२ साली फॉक्स यांनी घणाऐवजी रुळांचे यंत्र आणले. या यंत्रात वळीच्या आकाराचे उंचवटे व खाचा असलेले भक्कम पोलादी रूळ असतात. तापविलेली नळी त्यांच्यामध्ये घालावयाची, एक रूळ नळीच्या आत आणि दुसरा बाहेर. रूळ फिरू लागले की नळीही त्यांच्यासमवेत फिरते. दाब हळूहळू वाढवीत नेला म्हणजे आतल्या रुळाचा उंचवटा बाहेरच्या रुळाच्या खाचेत पत्र्यास दाबीत जातो, आणि नळीवरील सर्व वळ्या सारख्या खोलीच्या व सारख्या अंतराच्या उठतात. आपल्या घरी पोळपाटावर लाटणे फिरते तेव्हा दाब सर्वत्र सारखा पडला तरच पोळी एकसारखी होते. तेच तत्त्व येथे पोलादास लावलेले आहे. फॉक्स यांच्या नळीत एका वळीपासून दुसऱ्या वळीपर्यंतचे अंतर सहा इंच व वळीची खोली सुमारे दीड इंच असे.

अशा नळ्या मिळू लागल्यावर बोटीवरील वाफेचा दाब दीडशे पौंड व त्याहूनही वर नेणे शक्य झाले. एकच वाफ तीन सिलिंडरांतून क्रमाक्रमाने वापरणारे त्रिप्रसरण एंजिन त्यामुळेच व्यवहारात आले. १८८१ साली बांधलेल्या अबर्डीन नावाच्या बोटीवर १२५ पौंडांच्या दाबावर या एंजिनाचे यश सिद्ध झाले आणि पुढील काही वर्षांत ते सर्वत्र पसरले. कोळशाचा खर्च घटला आणि समुद्र ओलांडणे सामान्य मनुष्याच्याही आवाक्यात येऊ लागले. बोटीवरील प्रवाशांस नळीचे नावही ठाऊक नसे. परंतु ती तळाशी, अंधारात, आगीशी झुंज देत असे.

लीड्सपासून बार्शीपर्यंत

पन्हळी नळीवरच समाधान मानून बसणारा हा मनुष्य नव्हता. ज्या पत्र्यास वळी पाडता येते, त्यास दाबाखाली हवा तो आकारही देता येईल, या विचाराने त्यांनी रेल्वेच्या वाघिणींचे तळसांगाडे हाती घेतले. पूर्वी हे सांगाडे लाकडाचे, किंवा अनेक लोखंडी तुकडे रिव्हेटांनी जोडून केलेले असत. फॉक्स यांनी तापविलेला पोलादी पत्रा प्रचंड दाबयंत्राखाली साच्यात दाबून, कडा वळवून, अखंड भाग तयार केले. वजन कमी, सांधे थोडे, बळकटी अधिक, असा हा लाभ होता. मागणी इतकी वाढली की, १८८८ साली अमेरिकेत शिकागोनजीक जोलिएट येथे त्यांनी कारखाना काढला.

या कामाचा आपल्या महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाईट रेल्वे आखली. अडीच फुटी अरुंद मार्ग, दर यार्डास अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळ, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता. इतक्या हलक्या रुळांवरून भरपूर माल न्यावयाचा तर वाघिणीचे स्वतःचे वजन कमीत कमी हवे. ती अट दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्यांनी पुरी झाली. या गाड्या लीड्स फोर्ज कंपनीने बांधल्या आणि भारतात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यांची परीक्षा घेण्यात आली. १८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. तिच्या सावकाश चालीची थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांचे थवेच्या थवे तिनेच विठ्ठलाच्या पायाशी नेले. १९५४ साली ती सरकारच्या मालकीची झाली आणि २००१ नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने त्या मार्गावर रुंद रूळ आले. लीड्सच्या विणकराच्या मुलाने काढलेल्या कारखान्याचे पोलाद चंद्रभागेच्या यात्रेकरूंच्या सेवेस लागले, हा योगायोग मनास सुखविणारा आहे.

दातृत्व आणि कसोटी

संपत्ती आली तशी प्रतिष्ठाही आली. फॉक्स हॅरोगेट येथे राहावयास गेले आणि १८८९ ते १८९२ अशी सलग तीन वर्षे त्या नगराचे महापौर झाले. लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या संगीत विद्यालयास नव्या इमारतीची गरज होती. तिच्यासाठी फॉक्स यांनी एकूण ४५,००० पौंडांची देणगी दिली. ती वास्तू १८९४ साली खुली झाली आणि तेथे आजही संगीताचे अध्यापन चालते. ज्याचे बालपण मागांच्या खडखडाटात गेले, त्याने इतरांच्या मुलांसाठी सुरांचे घर बांधले.

परंतु चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे हे शिक्षकास शोभत नाही. फॉक्स यांनी जलवायूच्या धंद्यातही मोठा रस घेतला होता. तापलेल्या कोकवरून वाफ सोडली म्हणजे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण तयार होते, तोच जलवायू. त्याची ज्योत अतिशय उष्ण असते. लीड्स फोर्जमध्ये १८८७ साली त्याचे संयंत्र बसविण्यात आले आणि कारखान्याच्या कामास तो उपयोगीही पडला. मात्र तो विषारी असून त्यास स्वतःचा वास नसतो, हा त्याचा मोठा धोका. या वायूच्या हक्कांवर कंपन्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी त्यांचे भाग घेतले. अपेक्षा फार वाढल्या, पण फळ तितके आले नाही. सुप्रसिद्ध विनोदी लेखक जेरोम के. जेरोम हे तेव्हा एक साप्ताहिक चालवीत. त्यात या व्यवहारांवर कठोर टीका प्रसिद्ध झाली आणि फॉक्स यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला.

१८९७ साली, म्हणजे इकडे बार्शी लाईट धावू लागली त्याच वर्षी, तिकडे लंडनच्या न्यायालयात हा खटला दीर्घकाळ चालला. निकाल फॉक्स यांच्या बाजूने लागला. पण ज्यूरीने भरपाई ठरविली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. जेरोम यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींप्रमाणे हा खर्च त्यांस ९,००० पौंड व फॉक्स यांस ११,००० पौंड आला. जेरोम यांस आपले नियतकालिक सोडावे लागले. कायद्याने फॉक्स जिंकले. परंतु दमडीमोलाच्या भरपाईचा अर्थ न कळण्याइतके लोक भोळे नव्हते.

या प्रसंगाचा विचार मी पुष्कळ केला आहे. फॉक्स लबाड होते असे न्यायालयाने म्हटले नाही, म्हणून ते आपणही म्हणू नये. तरी एक भेद स्पष्ट दिसतो. पन्हळी नळी बाजारात आली ती पाण्याच्या व वाफेच्या दाबाखाली परीक्षा देऊन. ती किती दाबास टिकते हे कोणासही डोळ्यांनी पाहता येत असे, आणि त्यामुळे तिच्याविषयी वाद उरला नाही. कंपनीच्या भागांची अशी परीक्षा आधी घेता येत नाही. तेथे विकत घेणारा मनुष्य केवळ शब्दावर आणि नावावर विसंबून असतो. जितके आपले नाव मोठे, तितका लोकांचा विश्वास भाबडा, आणि तितकीच आपली जबाबदारी जड. देणगीचा दगड भिंतीत कितीही खोल बसविला, तरी पैसा कोणत्या वाटेने आला हे लोक विचारणारच. आपल्या मंडळाच्या वसतिगृहासाठी वा शिष्यवृत्तीसाठी देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

अखेर

२४ ऑक्टोबर १९०३ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, फॉक्स यांचे निधन झाले. त्यांचा लीड्स फोर्जचा कारखाना पुढे १९२० नंतरच्या दशकात कॅमेल लेअर्ड कंपनीकडे गेला आणि नंतर बंद पडला. वंशवेल मात्र निराळ्याच क्षेत्रात फुलली. इंग्लंडचे नामांकित नट एडवर्ड फॉक्स व जेम्स फॉक्स हे त्यांचे पणतू. १९८२ सालच्या गांधी चित्रपटात जनरल डायरची भूमिका करणारे ते हेच एडवर्ड फॉक्स.

फॉक्स यांच्या नळीचे कार्यही मागे राहिले नाही. बोटींतील वाफेची एंजिने गेली. परंतु पन्हळीचे तत्त्व गेले नाही. गटारे व मोऱ्यांसाठी घातलेल्या पन्हळी पोलादी नळ्या, कारखान्यातील वाफेच्या नळांस तापल्यावर वाढावयास जागा देणारे भात्यासारखे सांधे, आणि घराघरांवरील पत्रे ही सारी त्याच तत्त्वाची रूपे आहेत. सपाट पत्रा रुळांच्या जोड्यांमधून जातो आणि पलीकडून पन्हळी होऊन बाहेर पडतो. असे कारखाने आपल्या राज्यातही आहेत आणि त्यांत काम करणारी आपलीच मुले आहेत.

त्या मुलांविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. आपल्या घरांत अद्यापही कचेरीतील खुर्ची वरची आणि कारखान्यातील हत्यार खालचे, असा समज आहे. विवाह जुळविताना तर तो फारच बोचतो. औद्योगिक शाळेत शिकून कातारी वा जोडारी झालेल्या मुलाची माहिती सांगताना आईबाप आवाज खाली करतात, हे मी पाहिलेले आहे. सॅमसन फॉक्स यांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. त्यांची विद्या त्यांच्या बोटांत होती. तापलेला पत्रा कोठे नरम पडतो, कोठे ताणतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नाही. हाताने जाणले आणि मग बुद्धीने पकडले. हात आणि बुद्धी यांची ताटातूट न होऊ देणे हाच त्यांच्या चरित्राचा पहिला धडा. मिळविलेल्या नावास जपणे हा दुसरा. या दोन्ही धड्यांचा विचार आमच्या तरुणांनी आणि विशेषेकरून त्यांच्या आईबापांनी करावा, एवढीच प्रार्थना.